लहान शेतकऱ्यांना सेंद्रिय भाताकडे वळवताना युरियाच्या पिशवीची जागा नेमकी कशाने भरायची?

ओहोळकाठ (प्रश्न)

नमस्कार. जव्हार-मोखाडा भागातल्या दोन पाड्यांवर येत्या खरिपापासून सेंद्रिय भाताचं काम सुरू करायचं आहे. ३८ शेतकरी आहेत, बहुतेकांकडे २० गुंठे ते दीड एकर. खाली खाचरं (बांध घातलेली भातशेतं), वर वरकस (उताराची हलकी जमीन), पाणी फक्त पावसाचं. हळवं आणि निमगरवं (लवकर आणि मध्यम मुदतीत तयार होणारं) भात, काही घरांत कोलम. एकरी १० ते १२ क्विंटल येतं. खत म्हणजे एकरी एखादी पिशवी युरिया, तोही लावणीनंतर पाऊस उघडला की फेकून. घरटी दोन-तीन जनावरं आहेत, पण शेणाचा मोठा भाग राबात (रोपांची जागा भाजताना) जळतो आणि पेंढा गुरांनाच पुरत नाही.

प्रशिक्षणाला माणसं येतात, जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं पाणी) करूनही बघतात. पण ऑगस्टमध्ये भात पिवळं दिसलं की दुकानातून युरिया आणतात. त्यांना दोष देता येत नाही, वर्षाचं खाणं त्या खाचरातच असतं. युरियाऐवजी काय, किती आणि कधी द्यायचं, ते गुंठ्याच्या मापात हवं आहे. तण-किडीचं काय करायचं आणि ३८ जणांपर्यंत हे कोणत्या क्रमाने न्यायचं, तेही सांगा. प्रमाणपत्राची घाई नाही.

मातीचा_हिशोब

गुंठ्याच्या मापात विचारलंत हे बरं केलंत. हेक्टरी टनांचे आकडे २० गुंठेवाल्याच्या काही कामाचे नसतात. आधी नत्राचा ताळेबंद मांडू.

एकरी १२ क्विंटल म्हणजे गुंठ्याला ३० किलो भात. एक टन भात दाणे आणि पेंढा मिळून साधारण १५ ते २० किलो नत्र उचलतं. म्हणजे गुंठ्याला जवळपास अर्धा किलो नत्र लागतं. त्यातलं निम्मं तरी चिखलणी केलेली जमीन स्वतःच्या सेंद्रिय पदार्थातून देते. उरलेलं पाव किलो तुम्हाला द्यायचं आहे. सगळी चर्चा या पाव किलोची आहे.

आता जीवामृत बघा. २०० लिटरच्या पिंपात १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन. या सगळ्यातलं नत्र मोजलं तर दोनशे-अडीचशे ग्रॅम भरतं, आणि ते पिंप एका एकराला. गुंठ्याला पाच-सहा ग्रॅम! युरियाच्या ४५ किलोच्या एका पिशवीत २० किलोहून जास्त नत्र असतं. पिशवी बंद करून जीवामृत दिलं तर ऑगस्टमध्ये भात पिवळं पडणारच. त्यात शेतकऱ्याचा धीर कमी पडला असं काही नाही.

पाव किलोची जुळणी तुमच्या भागात अशी होते:

गिरिपुष्पाचा ओला पाला ३० किलो. त्याचा वाळून सात किलोच्या आसपास माल होतो, त्यात तीन टक्क्यांच्या जवळ नत्र, म्हणजे दोनशे ग्रॅम. पाला लवकर कुजतो, त्यामुळे यातला मोठा वाटा त्याच हंगामात पिकाला मिळतो. पाया हाच धरा.

चांगलं कुजलेलं शेणखत ५० किलो. नत्र अडीचशे ग्रॅम, पण पहिल्या वर्षी त्यातलं एक तृतीयांशच हाती लागतं. बाकीचं पुढच्या वर्षांसाठी जमिनीत साठतं.

करंज पेंड २ ते अडीच किलो, म्हणजे ८० ते १०० ग्रॅम नत्र. विकतची आहे, म्हणून सरसकट देऊ नका. लावणीनंतर विसाव्या दिवशी जे खाचर फिकट दिसेल त्यालाच द्या. बारीक कुटून, पाणी उतरवून, ओळींमध्ये टाकून चिखलात मिसळा. ऑगस्टमध्ये शेतकरी दुकानाकडे वळतो तेव्हा त्याच्या हातात ही पेंड असली पाहिजे. मे महिन्यातच गटाने एकत्र आणून ठेवा.

गिरिपुष्प (काही गावांत उंदीरमारी म्हणतात) बांधावर लावायचं. जून फांदीचे मीटरभर लांबीचे तुकडे, मनगटाहून थोडे बारीक, पहिल्या पावसात एकेक मीटरवर फूटभर खोल रोवायचे. सवय नसलेली गुरं त्याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे कापणीनंतर मोकाट चराईतही ते टिकतं. तिसऱ्या वर्षापासून एका झाडाला एका छाटणीत चार-पाच किलो पाला धरून चाला. २० गुंठ्यांना ६०० किलो पाला, म्हणजे १२० ते १५० झाडं. लहान लहान खाचरांचे बांध मोजले तर तेवढी जागा सहज निघते. लावणीआधी छाटणी होत असल्याने भातावर सावलीही येत नाही.

पाला घालण्याची वेळ लावणीच्या आठ-दहा दिवस आधीची. फांद्या तशाच खाचरात पसरायच्या. चार-पाच दिवसांत पानं गळतात, मग काड्या वेचून चुलीला न्यायच्या आणि चिखलणीत पानं गाडायची. आदल्या दिवशी पाला गाडून दुसऱ्या दिवशी लावणी केली तर कुजण्याच्या काळात मुळांजवळ आम्लं तयार होतात. जांभ्या जमिनीत पाणी कोंडलेलं असेल तर लोहही सुटं होतं. रोपं आठ-दहा दिवस तिथल्या तिथे थांबतात, पानांवर तपकिरी ठिपके येतात. त्याला लोक रोग समजून औषध मारतात.

पहिली दोन वर्षं गिरिपुष्प तयार नसेल. त्या काळात रानातला करंज, ऐन, टाकळ्याचा पाला चालतो, पण ऐनासारखी जाड पानं सावकाश कुजतात, ती पंधरा दिवस आधी टाका. म्हणून पहिल्या वर्षी पूर्ण शेत सेंद्रिय करायला सांगू नका. पाला जेवढा आहे तेवढीच खाचरं घ्या.

निमगरवा

गिरिपुष्पाच्या हिशोबाशी सहमत. जीवामृतावर एवढी काट मारू नये, त्याने जमिनीतले जिवाणू वाढतात.

मातीचा_हिशोब

वाढतात म्हणून धरलं तरी त्यांना कुजवायला माल लागतो. पाला आणि शेणखत गाडलेल्या खाचरात जीवामृत जरूर द्या. फक्त "युरियाऐवजी जीवामृत" हे वाक्य प्रशिक्षणातून काढून टाका. त्या एका वाक्यावर विश्वास ठेवून कुणाचं दोन क्विंटल भात गेलं तर पुढची पाच वर्षं तो पाडा सेंद्रियचं नाव काढू देणार नाही.

चूड_अंतर

आवण (रोपवाटिका) आणि लावणीबद्दल लिहितो.

मिठाच्या पाण्याची प्रक्रिया फुकटात पडते आणि तिचा गुण डोळ्यांना दिसतो, म्हणून प्रसाराची सुरुवात तिथूनच करावी. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ. बी ओतून ढवळायचं, वर तरंगणारं पोचट काढून टाकायचं, खालचं बी दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायचं. काही ठिकाणी अंडं तरंगेपर्यंत मीठ घालायला सांगतात. ते पाणी बरंच तीव्र होतं, त्यात बारीक दाण्याच्या गावठी जातींचं चांगलं बीही वर येतं. कोलमसाठी तीन टक्केच ठेवा. नंतर किलोला १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (उपयोगी बुरशी) चोळा आणि पेरणीआधी ॲझोस्पिरिलम (हवेतलं नत्र धरणारे जिवाणू). धुण्यात हयगय झाली तर मिठाने उगवण मार खाते, आणि लोक बियाण्याला नावं ठेवतात.

राब भाजण्याला पर्याय देताना राब का भाजतात ते आधी समजून घ्या. त्याने तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, राख मिळते. नुसतं "राब बंद करा" म्हटलं तर आवणात तण माजतं आणि रोपं उपटताना मुळं तुटतात. त्याऐवजी एक मीटर रुंद, ८ ते १० सेंटीमीटर उंच गादीवाफे करा. चौरस मीटरला एक किलो भाताच्या तुसाची राख आणि दोन मुठी कुजलेलं खत वरच्या थरात मिसळा. राख काळपट-करडी हवी. फार तापून पांढरी झालेल्या राखेतली सिलिका सहज विरघळत नाही, रोपाला तिचा उपयोग कमी. सिलिका मिळालेलं रोप ताठ होतं, खोडकिडा आणि करप्याला थोडं जास्त टिकतं. भात गिरणीवर तूस पडून असतं, ते गोण्यांत भरून आणलं की झालं. तणासाठी वाफे पेरणीआधी आठ दिवस करून ठेवा. वळवाच्या सरीने तण उगवलं की खरवडून टाका आणि मगच पेरा.

डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री पद्धत तुमच्याकडे काहींनी पाहिली असेल. राख व पेंढ्याचा फेरवापर, गिरिपुष्प, नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपी ब्रिकेट (रासायनिक खताची दाबून केलेली गोळी) ही ती चार सूत्रं. सेंद्रियमध्ये चौथं गळतं. १५-२५ सेंटीमीटरच्या आलटून-पालटून ओळी ब्रिकेट चार चुडांच्या (चूड म्हणजे एका जागी लावलेली रोपं) मध्ये खोचता यावी म्हणून आहेत. ब्रिकेट नसेल तर दोरी सोपी करा, ओळींत २५ आणि चुडांत १५ सेंटीमीटर. चुडांची संख्या जवळपास तेवढीच राहते, बायांना एकच खूण सांभाळावी लागते आणि कोनोवीडर (हाताने ढकलायचं तण काढायचं यंत्र) चालायला पट्टा मिळतो.

एका चुडात दोन-तीन रोपं, अठरा ते एकवीस दिवसांची. गुंठ्याला २५० ग्रॅम बी पुरतं. श्री पद्धतीत आठ-बारा दिवसांचं एकच रोप लावतात. ती पद्धत १९८३च्या सुमारास मादागास्करमध्ये फादर आंरी द लोलानिए यांनी बसवली, आणि तिथे पाणी आत-बाहेर करणं हाताशी होतं. मोखाड्याच्या जुलैत खाचर एका रात्रीत वीतभर भरतं, एवढंसं रोप बुडून कुजतं. त्यातून खेकडे एकेकटं रोप कापतात तेव्हा ती जागा रिकामीच राहते. श्री पद्धतीतून ओळ, अंतर आणि कोळपणी घ्या, रोपाचं वय घेऊ नका.

तणाची पहिली कोळपणी लावणीनंतर बारा ते पंधरा दिवसांत झालीच पाहिजे, दुसरी पुढे दहा दिवसांनी. वीस दिवस उलटले की सावा आणि लव्हाळा एवढे रुजतात की कोनोवीडर त्यांच्यावरून नुसता घसरतो. पाणी दोन-तीन सेंटीमीटर हवं. कोरड्यात यंत्र रुततं, खोल पाण्यात तरंगतं. दगडगोट्यांच्या खाचरात त्याचे दाते वाकतात, तिथे हाताने बेणणीच करावी लागेल. आणि यंत्र विकत घेण्याआधी ते बायांच्या हातात देऊन चार ओळी चालवून बघा. बेणणी त्याच करतात. मुठीची उंची त्यांच्या कमरेला जुळली नाही तर यंत्र पडवीत पडून राहतं.

ओहोळकाठ

फार उपयोगी. दोन शंका: ॲझोला (पाण्यावर तरंगणारं, नत्र देणारं नेचं) टाकावा का? आणि पेंढा गाडायला सांगतात, तो आमच्याकडे उरतच नाही.

मातीचा_हिशोब

ॲझोला शांत पाण्यातला. उताराच्या खाचरांत पाणी बांधावरून खाली वाहतं, एका मोठ्या सरीत सगळा ॲझोला ओहोळात जातो. बांधबंदिस्तीची एखाद-दुसरी खाचरं असतील तिथे लावणीनंतर आठवड्याने सोडून बघा. बाकीच्यांना त्यात गुंतवू नका.

पेंढा गुरांनाच घाला. तो शेणातून परत येतोच. फक्त ते शेण उघड्या उकिरड्यावर पावसात धुऊन जाऊ देऊ नका. खड्डा थोड्या उंच जागी घ्या, वर पळसाची पानं किंवा कुडाचं छप्पर टाका. गोठ्यातलं मूत्र मुरवायला जनावरांखाली पालापाचोळा अंथरा. जनावराचं जवळपास निम्मं नत्र मूत्रात असतं आणि ते सहसा जमिनीत मुरून वाया जातं. कोणतीही विकतची निविष्ठा आणण्याआधी हे एक काम ३८ घरी झालं तर मोठा फरक पडेल.

पोटरी_निसवण

किडीचं थोडक्यात. पाला-शेणखतावरचं भात युरियावाल्या भाताइतकं लुसलुशीत नसतं, त्यामुळे तुडतुडे आणि करपा मुळातच कमी येतात. लक्ष खोडकिडीवर ठेवा.

खोडकिडीचा पतंग पानाच्या शेंड्याजवळ तपकिरी लवेने झाकलेले अंडीपुंज घालतो. म्हणून लावणीआधी जुडीचे शेंडे दोन इंच खुडून लांब नेऊन टाका. पाच टक्के फुटव्यांत गाभेमर दिसला (मधलं पान सुकलेलं, ओढलं की सहज हातात येतं) तर हालचाल करायची. हेक्टरी २० कामगंध सापळे (वासाने नर पतंग ओढणारे), म्हणजे पाच गुंठ्यांना एक, आणि ट्रायकोग्रामा जॅपोनिकम (किडीच्या अंड्यांवर वाढणारा बारीक मित्रकीटक) याच्या अंड्यांची कार्डं, हेक्टरी ५० हजार अंडी, दर दहा दिवसांनी तीन-चार वेळा. ही कार्डं भर पावसात लावली तर भिजून वाया जातात. उघडीप बघून, संध्याकाळी, पानाच्या खालच्या अंगाला टाचा. कापणी जमिनीलगत करा, धसकटात अळी राहते.

सुरळीतली अळी दिसली तर पानांवरून दोरी ओढून सुरळ्या पाण्यात पाडा आणि ते पाणी फडक्याच्या गाळणीतून बाहेर काढा. नुसतं पाणी सोडलंत तर अळ्या खालच्या शेजाऱ्याच्या खाचरात जातात. दोरीला रॉकेल लावायची जुनी सवय आहे, सेंद्रियमध्ये ते चालत नाही.

तुडतुड्यांसाठी दर दोन मीटरवर फूटभर पट्टा मोकळा ठेवून लावणी करा, चुडात दहा तुडतुडे दिसू लागले की पाणी काढून टाका. पाच टक्के निंबोळी अर्काचा सल्ला सगळे देतात, पण तुमच्याकडे कडुनिंब आहेत का ते आधी बघा. पाच किलो निंबोळ्या गोळा होत नसतील तर त्या सल्ल्याचा उपयोग नाही.

एका_पाटाचे

क्रमाबद्दल विचारलंत. ३८ नावांची यादी बाजूला ठेवा आणि नकाशा काढा. कोणत्या खाचराचं पाणी कोणाच्या खाचरात उतरतं, ते बाण दाखवून. उताराच्या भातात वरच्याने टाकलेला युरिया आणि तणनाशक खालच्याच्या शेतात येतं. इच्छुक शेतकरी जर सर्वांत खाली असेल तर त्याचं भात सेंद्रिय म्हणता येत नाही, मग त्याने काहीही न टाकलेलं असो. एका ओहोळावरची, एका पाटाने जोडलेली सात-आठ खाचरं निवडा आणि वरून खाली या. वरचा तयार नसेल तर त्याच्या बांधालगत आडवी चर खणून पाणी बाजूने काढता येतं का ते बघा.

पहिल्या वर्षी प्रत्येकाने एकच खाचर घ्यायचं. २०२१मध्ये श्रीलंकेत रासायनिक खतांची आयात एका फटक्यात थांबवली. ना पुरेसं सेंद्रिय खत तयार होतं, ना शेतकऱ्यांना अवधी मिळाला. भाताचं उत्पादन घसरलं, तांदूळ आयात करावा लागला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बंदी मागे घेतली गेली. देशाच्या पातळीवर जे झालं तेच २० गुंठ्यांत होऊ शकतं, आणि या शेतकऱ्याला आयातीचीही सोय नाही.

प्रशिक्षण हॉलमध्ये घेऊ नका. इंडोनेशियात १९८९पासून भाताच्या एकात्मिक कीड व्यवस्थापनासाठी जी पद्धत रुळली, तीच आपल्याकडे शेतीशाळा म्हणून आली. वीस-पंचवीस जणांचा गट, पूर्ण हंगामभर, ठरलेल्या वारी, बांधावरच. दर वेळी दहा चुडांचे फुटवे, पानाचा रंग, मित्रकीटक आणि किडी मोजायच्या, कागदावर चित्र काढायचं आणि पुढच्या आठवड्यात काय करायचं ते गटानेच ठरवायचं. शेजारी एक गुंठा नेहमीच्या पद्धतीचा तुलनेला ठेवा. वाचता न येणाऱ्यालाही चित्रातला फरक कळतो. आणि शाळेची वेळ बायांना विचारून ठरवा. सकाळी दहाला ठेवलीत तर फक्त पुरुष येतील.

कापणीला दोन्ही गुंठ्यांचं भात सगळ्यांसमोर वेगळं झोडून वाळवून तोला. सोबत मजुरीचे दिवस मांडा. पाला तोडणं-वाहणं आणि कोळपणी यांचे दिवस वाढतात, राबाची कवळं (पाला-फांद्यांच्या मोळ्या) तोडण्याचे आणि भाजण्याचे वाचतात. वजन थोडं कमी भरलं तरी तो आकडा झाकू नका, फळ्यावर लिहा. खर्च वजा जाता हातात काय राहिलं, ते त्याच्याच शेजारी.

प्रमाणपत्राची घाई नाही म्हणालात, तरी नोंदवही पहिल्या दिवसापासून ठेवा. कोणत्या खाचरात, कोणत्या तारखेला, काय आणि किती. पुढे पीजीएस-इंडियात (शेतकरी गटानेच एकमेकांची हमी देण्याच्या सरकारी प्रमाणपत्र योजनेत) जायचं झालं तर किमान पाच शेतकऱ्यांचा गट लागतो, ते एकमेकांच्या शेतांची तपासणी करतात आणि बदलाच्या काळातल्या मालाला पीजीएस-ग्रीन म्हणतात. बाहेरच्या तपासनिसाची फी भरण्यापेक्षा लहान गटाला हे परवडतं. निर्यातीचा विचार असेल तरच एनपीओपीच्या (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाच्या) त्रयस्थ प्रमाणीकरणाकडे जा.

एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे गिरणी. आधीच्या माणसाचा दहा-पंधरा किलो माल यंत्रात अडकलेला असतो. पाच-सात जणांचं भात एकाच दिवशी, सकाळी पहिलं घाला, आणि सुरुवातीचा घाणा वेगळा काढून घरी खायला ठेवा. कोलम असेल तर त्याचं झोडणं, गोण्या आणि कणगी सगळंच वेगळं. हातसडीचा किंवा बिनपॉलिशचा तांदूळ विकायचा असेल तर कोंड्यातल्या तेलामुळे तो दोन-तीन महिन्यांत खवट होतो. भात म्हणूनच साठवा आणि मागणी येईल तसं थोडं थोडं भरडून द्या.

ओहोळकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. या आठवड्यात दोन्ही पाड्यांवर पाण्याचा नकाशा काढतो आणि शेणखड्ड्यांची पाहणी करतो. गिरिपुष्पाच्या फांद्या साधारण किती आधी तोडून ठेवता येतात? आणायच्या झाल्या तर २५ किलोमीटरवरून आणाव्या लागतील.

मातीचा_हिशोब

सावलीत, ओल्या गोणपाटाखाली चार-पाच दिवस टिकतात. बुडखा तिरका आणि शेंडा सरळ कापा, म्हणजे लावताना उलटी रोवली जाणार नाही. साल खरचटू देऊ नका, टेम्पोत आडव्या रचा. आणि लागतील त्याच्या सव्वापट आणा, पहिल्या वर्षी काही मरतातच.